खाशाबा जाधव : एका पदकाचा जमाखर्च

परभणीहून जिंतूरच्या रस्त्याला लागले की वाटेत बोरी लागते. आमचे मूळ गाव. आता मी तिथे पाहुण्यासारखाच जातो, सणावाराला. गेल्या दिवाळीत असाच गेलो असताना पुतण्या आपल्या दहा वर्षांच्या मुलाला घेऊन ओसरीवर येऊन बसला. मुलाच्या अंगावर कराटेचा पांढरा पोशाख होता, कमरेला पिवळा पट्टा. पोर तालुक्याच्या गावी क्लासला जाते. येण्याजाण्याचे भाडे, महिन्याची फी, पट्टा बदलायचा तर परीक्षेची वेगळी फी, स्पर्धेला जायचे तर प्रवासखर्च. पुतण्याला एवढेच विचारायचे होते की हे पुढे चालू ठेवावे की इथेच थांबवावे.

हा प्रश्न मलाच का? तर साऱ्या घरात पैलवानी कान माझा एकट्याचा आहे. तरुणपणी पाच-सहा वर्षे मीही लाल माती अंगाला लावली. त्यातून मिळालेल्या गोष्टींत एक चपटा झालेला उजवा कान आहे आणि जिना उतरताना कुरकुरणारा डावा गुडघा आहे. म्हणून घरातले लोक मला या विषयातला जाणकार समजतात.

पुतण्याने क्लासचे छापील पत्रक दाखवले. आत्मविश्वास, शिस्त, एकाग्रता, स्वसंरक्षण. यातले काहीच खोटे नाही, हे मी स्वानुभवाने सांगू शकतो. फक्त पत्रकाची मागची बाजू कोरी होती. या विद्येत काय गमवावे लागते, कोणाला गमवावे लागते आणि ते कधी कळते, हे कोणताच वस्ताद छापत नाही. कुस्तीचे वस्तादही कधी सांगत नसत. त्या कोऱ्या बाजूवर काय लिहावे, याचा विचार करताना मला खाशाबा जाधव आठवले.

कराटेचा प्रश्न आणि उत्तर कुस्तीचे, हे काहींना विचित्र वाटेल. पण कराटे आपल्याकडे तशी नवी विद्या. ओकिनावा बेटावरची ही कला गिचिन फुनाकोशी नावाच्या शिक्षकाने टोकियोत नेली ती १९२२ साली, आणि आपल्या गावोगावी तिचे क्लास निघाले ते त्याच्याही कितीतरी नंतर, मुख्यतः सिनेमे पाहून. लहानपणापासून म्हातारपणापर्यंतचा पुरा हिशेब डोळ्यांपुढे आहे, असा मराठी माणूस शोधायचा तर तालमीतच शोधावा लागतो. शेवटी गुडघा तोच, मान तीच आणि बापाचा खिसाही तोच.

खाशाबांची गोष्ट आपण नेहमी हेलसिंकीच्या पदकापासून सांगतो. मिरवणुकीपाशी ती संपवतो आणि मधले-नंतरचे सोडून देतो. आज ते सोडलेले सांगावे म्हणतो.

खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ चा. सातारा जिल्ह्यातल्या कराडजवळचे गोळेश्वर हे त्यांचे गाव. वडील दादासाहेब स्वतः पैलवान, आजोबांनाही कुस्तीचा नाद. पाच भावांत खाशाबा धाकटे. चालता-बोलता येऊ लागल्यावर पोराला मातीत उतरवायचे ही त्या घरची रीतच होती, आणि वयाच्या पाचव्या वर्षापासूनच वडिलांनी त्यांना शिकवायला घेतले असे सांगतात. पुढे कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये शिक्षण झाले. बाबूराव बलावडे आणि बेलापुरे गुरुजी यांच्याकडे कुस्तीचे धडे मिळाले. बेचाळीसच्या चळवळीत या मुलाने भूमिगतांना आसरा देण्याची, निरोप पोचवण्याची कामेही केली. मग कोल्हापूर, राजाराम कॉलेज.

अंगाने खाशाबा लहानखुरे. आपल्याकडे पैलवान म्हटले की डोंगराएवढा देह डोळ्यांपुढे येतो, तसे ते मुळीच नव्हते. वेग, पकड आणि डावांची जाण हे त्यांचे भांडवल. प्रतिस्पर्ध्याची मान कवेत घेऊन त्याला पाठीवर आणणारी ढाक हा त्यांचा हातखंडा डाव. शाळा-कॉलेज त्यांनी सुटू दिले नाही, हेही इथेच नोंदवून ठेवतो. ज्या काळात पैलवानकी म्हणजे पाटी-दप्तराला रामराम, असेच समीकरण होते, त्या काळातली ही गोष्ट आहे.

१९४८ साली लंडनला ऑलिम्पिक भरले. खर्चाची व्यवस्था कोल्हापूरच्या महाराजांनी केली म्हणून खाशाबा जाऊ शकले. त्या जुलै-ऑगस्टमध्ये आमच्या बोरीवर निजामाचा अंमल होता. पोलीस अॅक्शनला अजून महिनाभर अवकाश होता आणि मराठवाड्यात रझाकारांची दहशत होती. लंडनमध्ये कोणी मराठी पोर कुस्ती धरते आहे, ही वार्ताही इकडे कोणाला असण्याचे कारण नव्हते.

तिथे गेल्यावर खाशाबांपुढे वेगळेच संकट उभे राहिले. कुस्ती मातीत नव्हती, गादीवर होती. ताक, तेल, हळद घालून मळलेल्या मातीत पाय रोवता येतो. गादीवर तो वेगळा रोवावा लागतो, नियम वेगळे, गुणांची भाषा वेगळी. आयुष्यभर घटवलेली विद्या तिथे अर्धीच कामाला आली. अमेरिकेचे रीस गार्डनर यांनी तिथे त्यांना मार्गदर्शन केले. फ्लायवेट म्हणजे ५२ किलोच्या गटात खाशाबा सहावे आले. गादीची नीट ओळखही नसलेल्या बावीस वर्षांच्या पोराचा हा सहावा क्रमांक मला पुष्कळदा पदकाहून मोठा वाटतो. पण त्याचबरोबर हेही खरे की ज्या विद्येवर दहा-पंधरा वर्षे घातली ती अमुक ठिकाणी, अमुक नियमांत चालतच नाही, हा साक्षात्कार परक्या देशात, भर स्पर्धेत व्हावा, यासारखी फसगत नाही.

कराटेवाल्या पालकांनी हे ध्यानात ठेवावे. त्या विद्येतही शैली अनेक, संघटना अनेक, आणि एका ठिकाणचा पट्टा दुसरीकडे मोजला जातोच असे नाही. ऑलिम्पिकचे म्हणाल तर टोकियोत २०२१ साली झालेल्या स्पर्धांत कराटे होते, २०२४ च्या पॅरिसला ते नव्हते. मुलाच्या डोळ्यांपुढे पदक धरण्याआधी हे माहीत असलेले बरे.

लंडनहून परतल्यावर पुढची चार वर्षे खाशाबांनी मेहनतीत घातली. आता वजनगट बँटमवेट, ५७ किलोचा. हेलसिंकीच्या संघासाठी निवड व्हायची होती, आणि इथे पहिला घाव बसला तो प्रतिस्पर्ध्याचा नव्हे, कागदाचा. मद्रासच्या निवड स्पर्धेत पक्षपातामुळे आपल्याला डावलले गेले, अशी खाशाबांची तक्रार होती. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. महाराज स्वतः खेळाचे शौकीन. त्यांच्यामुळे निरंजन दास यांच्याशी पुन्हा कुस्ती झाली, ती खाशाबांनी निर्विवाद मारली आणि नाव संघात आले. महाराजांपर्यंत पोचता आले नसते तर? त्या काळी अशी किती पोरे कोणापर्यंतच न पोचता घरी परतली असतील, याची नोंद कोठे असणार!

निवड झाली, पण जायचे कसे? खर्चाचा मोठा भाग स्वतःच उभा करायचा होता. खाशाबा आणि त्यांच्या घरचे लोक गावोगावी, ओळखीपाळखीच्यांकडे वर्गणीसाठी हिंडले. गोळेश्वर-कराडच्या लोकांनी जमेल तसे दिले. तेव्हाच्या मुंबई राज्याचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडेही मदत मागण्यात आली. तिथे आधी नकारच पदरी पडला, असे सांगितले जाते. नंतर सरकारकडून ४,००० रुपये मिळाले. तरीही तूट राहिलीच. तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण टाकले आणि ७,००० रुपये उभे केले.

या वाक्यावरून आपण फार झपाट्याने पुढे जातो. गुरूची माया, शिष्याचे भाग्य, झाले. जरा थांबू. १९५२ साली सोने तोळ्याला शंभर रुपयांच्या आत होते. म्हणजे ही रक्कम सत्तर तोळ्यांहून अधिक सोन्याची झाली. आजच्या भावाने वाचकांनी स्वतःच गुणाकार करून पाहावा. आणि प्राचार्यांच्या घरातही माणसे होती. आपल्या डोक्यावरचे छप्पर एका विद्यार्थ्याच्या गुडघ्यांवर आणि मनगटांवर टेकलेले आहे, हे त्या घरातल्या माणसांना रोज जाणवले असेल. पोराची ढाक चुकली, पाय मुरगळला, आगबोटीतच आजारी पडला, तर? कुस्ती एकटा खेळतो, पण तिचे कर्ज कधीच एकट्याचे नसते. खाशाबा गादीवर उभे राहिले तेव्हा त्यांच्या खांद्यावर हे घर होते. सव्वीस वर्षांच्या पोराने ते कसे पेलले असेल, देव जाणे.

हेलसिंकीत खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवले. मग जपानच्या शोहाची इशीशी गाठ पडली. कुस्ती लांबली, दोघेही दमले, निकाल जपानकडे गेला. हाच इशी पुढे सुवर्णपदक घेऊन गेला. त्या थकवणाऱ्या झुंजीनंतर खाशाबांना लगेच सोव्हिएत रशियाच्या रशीद मामेदबेकोव्हशी लढायला बोलावण्यात आले. दोन कुस्त्यांमध्ये निदान अर्ध्या तासाची विश्रांती देण्याचा नियम होता. तो नियम पुढे करून भांडायला तिथे भारताचा एकही अधिकारी हजर नव्हता. खाशाबा तसेच उतरले आणि हरले. मामेदबेकोव्हला रौप्य मिळाले, खाशाबांना कांस्य. तारीख २३ जुलै १९५२. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. दुसऱ्याच दिवशी आपल्या हॉकी संघाने नेदरलँड्सला ६-१ असे हरवून सुवर्ण जिंकले आणि देश त्या आनंदात बुडून गेला. त्याच स्पर्धेत कोल्हापूरचे केशव माणगावे वरच्या वजनगटात चौथे आले, म्हणजे पदकापासून एक पायरी दूर. चौथ्याचे नाव मात्र कोणी पाठ करत नाही.

अर्धा तास मिळाला असता तर कांस्याचे रौप्य, कदाचित सुवर्णही झाले असते, असे म्हणण्याचा मोह होतो. मी तसे म्हणणार नाही. झाले असते की नसते, कोण सांगणार? पण दमलेल्या शरीराने लढायला लावणे ही नुसती गुणांची बाब नाही. स्नायू थकले की सांध्यांचे राखणदार झोपतात. तालमीतल्या दुखापती आठवून पाहा. सकाळच्या पहिल्या लढतीत क्वचितच कोणाचे हाड मोडते. मोडते ते शेवटच्या लढतीत, वस्तादाने आता एकच म्हटल्यावर. माझा गुडघा तसाच गेला. कराटेच्या क्लासातही मुलांना शिक्षा म्हणून बेडूकउड्या आणि शंभर-शंभर लाथा मारायला लावताना मी पाहिले आहे. तिथे अर्ध्या तासाचा नियम पुढे करणारा अधिकारी कोण? आईबापच.

गावी परतल्यावर जे झाले ते सर्वांना ठाऊक आहे. दीडशेवर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, ढोल-लेझीम होते, गुलाल होता. एरवी पाव तासात सरणाऱ्या वाटेला सात तास लागले म्हणतात. अशा मिरवणुकीचे वर्णन वाचताना आजही ऊर भरून येतो. पण त्या गुलालातून बाहेर आल्यावर खाशाबांनी जे पहिले मोठे काम केले, ते माझ्या मते त्यांच्या आयुष्यातले सर्वांत मोठे काम. त्यांनी कोल्हापुरात कुस्त्यांचे फड लावले, त्यात स्वतः उतरले, आणि त्यातून आलेल्या पैशांतून प्राचार्य खर्डेकरांचे घर सोडवले. ऑलिम्पिकचा पदकविजेता कर्ज फेडण्यासाठी पुन्हा मातीत उतरला. सरकारने बक्षीस दिले असते, तर ही वेळ आली नसती. पण तेव्हा पदकाला कोटींची इनामे नव्हती.

१९५५ साली खाशाबा पोलीस खात्यात सबइन्स्पेक्टर म्हणून लागले. नोकरी मिळाली ती कुस्तीमुळे. हा जमेच्या बाजूचा ठळक आकडा आहे आणि तो लपवण्याचे कारण नाही. शेतकऱ्याच्या पोराला वर्दी मिळाली, महिन्याचा पगार मिळाला. खात्याच्या स्पर्धा त्यांनी गाजवल्या, पुढे इतरांना शिकवलेही. डोळे मात्र १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकवर होते. वय तीस, अनुभव पुरेसा, गादीही आता ओळखीची झालेली.

आणि गुडघा गेला.

मेलबर्नच्या आधी त्यांच्या गुडघ्याला गंभीर दुखापत झाली आणि तिसरे ऑलिम्पिक हातचे गेले. चरित्रांत ही घटना एका ओळीत उरकलेली असते. पैलवानाच्या दृष्टीने मात्र ती एक ओळ नसते. मांडीचे हाड आणि नडगी यांना बांधून ठेवणारे दोर म्हणजे अस्थिबंध. त्या दोन हाडांमध्ये कूर्चेच्या दोन छोट्या चकत्या असतात. पाय जमिनीला खिळलेला असताना वरचे धड झटक्यात फिरले की दोर ताणतो, कधी तुटतो, चकती फाटते. कुस्तीत प्रत्येक दुसऱ्या डावाला हेच होते. कराटेत गोल लाथ मारताना उभ्या पायावर नेमके हेच घडते. दुर्बिणीतून गुडघा दुरुस्त करण्याची शस्त्रक्रिया आज जिल्ह्याच्या ठिकाणीही होऊ लागली आहे. त्या काळी तसे काही नव्हते. शेक, पट्टी, हाडवैद्य आणि विश्रांती. चकतीला रक्तपुरवठा अगदी बेताचा असल्याने तिचा आतला भाग एकदा फाटला की आपोआप भरून येत नाही. चाळिशीनंतर ती जागा झिजते, थंडीत ठणकते, पायऱ्या मोजायला लावते.

मोडलेल्या कानाचेही असेच. घासून आणि दाबून कानाच्या कातडीखाली रक्त साकळते, कूर्चा उपाशी राहते आणि कान फुगून कायमचा वाकडा होतो. तालमीत आम्ही तो मिरवत असू. तेव्हाच डॉक्टरकडे जाऊन रक्त काढून घेतले असते तर वाचला असता, हे मला पन्नाशीत कळले. कराटेत कानाऐवजी बोटांचे पेर जातात. लाकडावर, भिंतीवर मुठी आपटून हात दगड करण्याचे जे वेड आहे, ते वाढत्या हाडांच्या मुलाने करण्यासारखे नाही. हाडाच्या टोकाशी जी कोवळी वाढीची कूर्चा असते, तिला मार बसला तर हाडाची वाढ वेडीवाकडी होऊ शकते. डोक्यावरच्या ठोशाची तर गोष्टच वेगळी. चक्कर आली, ओकारी झाली, पोर गप्प गप्प झाले, तर खेळ त्याच क्षणी बंद. त्यात मर्दुमकीचा प्रश्न नाही.

खाशाबांकडे परत येतो. पोलीस खात्यात त्यांची सत्तावीस वर्षे गेली. बढतीसाठी फार वाट पाहावी लागली. असिस्टंट कमिशनर म्हणून ते निवृत्त झाले, आणि मग निवृत्तिवेतनासाठी झगडावे लागले. कुस्ती संघटनांना त्यांची आठवण राहिली नव्हती. १९८२ च्या दिल्लीतील आशियाई स्पर्धांच्या वेळी ज्योत घेऊन धावणाऱ्यांत त्यांना सामील करून घेतले होते, एवढाच काय तो अपवाद. पदक घरात होते, पण त्यावर बाजारात उधारी मिळत नाही.

असे होणारे खाशाबा एकटे नव्हते. ज्या गामा पैलवानाच्या हजारो बैठकांच्या कथा सांगत आमच्या पिढीला तालमीत ढकलण्यात आले, तो गामा १९६० साली लाहोरला वारला तेव्हा आजाराने आणि पैशाच्या तंगीने गांजलेला होता. फाळणीपलीकडून बिर्लांनी त्याला मदत पाठवली होती. बैठकांचा आकडा मुलांना सांगितला जातो, हा शेवट सांगितला जात नाही.

१९८४ च्या ऑगस्टमध्ये लॉस एंजेलिसचे ऑलिम्पिक बारा तारखेला संपले. भारताला एकही पदक मिळाले नव्हते. पी. टी. उषाचे कांस्य सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकले होते आणि घरोघरी त्याचीच हळहळ चालली होती. दोनच दिवसांनी, १४ ऑगस्टला, वैयक्तिक पदक आणणारा स्वतंत्र भारताचा तोवरचा एकमेव माणूस कराडजवळ रस्त्यावरच्या अपघातात गेला. वय ५८. त्यानंतर मदतीसाठी दारोदार फिरणे त्यांच्या पत्नीच्या वाट्याला आले.

मग सन्मान सुरू झाले. १९९० च्या दशकात राज्य सरकारने शिवछत्रपती पुरस्कार दिला, मरणोत्तर. अर्जुन पुरस्कार मिळाला तो नव्या शतकाच्या उंबरठ्यावर, तोही मरणोत्तर. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांत दिल्लीच्या कुस्ती संकुलाला त्यांचे नाव दिले गेले. खाशाबांनंतरचे वैयक्तिक पदक लिअँडर पेसने १९९६ ला अटलांटात आणले, चव्वेचाळीस वर्षांनी. कुस्तीत तर २००८ ला सुशीलकुमार येईपर्यंत छप्पन्न वर्षे वाट पाहावी लागली. अलीकडे परिस्थिती पुष्कळ बदलली आहे. शिबिरे आहेत, फिजिओथेरपिस्ट आहेत, पदकाला इनाम आहे, नोकरीची हमी आहे. पण हे सगळे पदक मिळाल्यावर, किंवा निदान त्याच्या आसपास पोचल्यावर. बोरी-जिंतूरकडून कोल्हापूरच्या गंगावेस नाही तर मोतीबाग तालमीत जाऊन राहणाऱ्या पोराला आजही दूध, तूप, बदामाचा खुराक बापाच्या सोयाबीन-कापसातूनच पुरवावा लागतो. साल चांगले गेले तर बदाम, नाहीतर शेंगदाणे. आणि खेळ सुटल्यावर भूक मात्र पैलवानाचीच राहते. व्यायाम बंद आणि थाळी तीच, यातून आमच्यातल्या कितीतरी जणांची पोटे सुटली, साखर वाढली. याही खर्चाची नोंद कोणत्या पत्रकावर नसते.

एवढे सगळे ऐकून पुतण्या जरा गोंधळला. काका, मग पोराला काढून घेऊ का, असा त्याचा चेहरा झाला. मी तसे म्हटले नाही. तालमीत गेलो म्हणून मी पहाटे उठायला शिकलो, हरल्यावर समोरच्याच्या पाया पडायला शिकलो, आणि जत्रेच्या फडात रेवडीची का होईना, कुस्ती मारल्यावर आईने माझी दृष्ट काढली होती, ते मी अजून विसरलेलो नाही. मी त्याला एवढेच सांगितले की क्लासला एकदा स्वतः जाऊन बस. शिक्षक पोरांना थकल्यावर थांबवतो की आणखी पिळतो, ते बघ. डोक्यावर मारू देतो का, ते बघ. पट्ट्याची परीक्षा वर्षात किती वेळा असते आणि त्यात कोणी नापास होते का, ते विचार. कोणीच नापास होत नसेल तर फी कशाची भरतोस, हे तुझे तू ठरव. शाळा सुटता कामा नये. आणि घर गहाण टाकू नको.

शेवटच्या वाक्याला तो हसला. मला हसू आले नाही, कारण खर्डेकर सरांचे घर डोक्यात होते.

मुलगा इतका वेळ पट्ट्याच्या टोकाशी चाळा करत ऐकत होता. उठून जवळ आला आणि माझ्या कानाकडे बघत राहिला. हात लावू का, विचारले. लाव म्हटले. त्याने दोन बोटांनी कान चाचपला आणि दुखतो का, असे विचारले. आता नाही दुखत, पण तेव्हा आठ दिवस त्या कुशीवर निजता येत नव्हते, असे मी खरे ते सांगितले. त्याने बोटे झटक्यात मागे घेतली. मग थोडा वेळ विचार करून, ते खाशाबा शिकायला लागले तेव्हा केवढे होते, असे विचारले.

पाच वर्षांचे, मी म्हणालो. त्याने बोटांवर मोजले आणि आपण दहाचे आहोत, हे बापाला सांगायला तो ओसरीच्या दुसऱ्या टोकाला गेला.